न मोजलेल्या मेंढरांचे माप

माझ्या लहानपणी वर्षाचे दोनच भाग होते: आई घरी असण्याचा आणि आई घरी नसण्याचा. दुसरा भाग मोठा होता. दिवाळी झाली, बाजरीची राने मोकळी झाली की आमची मेंढरे खुटबावजवळच्या वस्तीवरून पश्चिमेला निघत, चरत चरत घाट उतरून कोकणात जात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. त्यांच्याबरोबर चुलते, चुलती आणि आई जात. पूर्वी आईच्या जागी आबा, म्हणजे माझे वडील, जात असत. पण एका वर्षी घाटात पाय घसरून त्यांचा गुडघा कायमचा अधू झाला. तेव्हापासून ते घरची थोडी जमीन पाहू लागले आणि आमच्या घराच्या वाटणीचे चालणे आईकडे आले.

त्या महिन्यांत मला न्हावऱ्याला, मामाच्या घरी ठेवत. तिथली शाळा चांगली आहे, असे सर्वजण सांगत. ती खरोखरच चांगली होती. तिथे भूगोलाच्या तासाला भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगत, आणि त्यात सह्याद्रीची तपकिरी पट्टी माझ्या बोटाच्या पेराएवढी रुंद होती. मधल्या सुट्टीत मी त्या पट्टीवर बोट ठेवून अलीकडून पलीकडे नेत असे आणि परत आणत असे. एवढेसे अंतर जाऊन यायला आईला अर्ध्याहून अधिक वर्ष का लागते, हे मला समजत नसे. कामाला लागणाऱ्या वेळाविषयीची माझी पहिली तक्रार तीच.

आई परत यायची तेव्हा मी तिला पटकन ओळखत नसे. म्हणजे ओळखत असे, पण जवळ जायला थोडा वेळ लागे. ती उन्हाने काळवंडलेली, घोंगडीला धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि बोलण्यात तिकडचे चार-दोन शब्द मिसळलेले. मी दाराआड उभी राहायची. ती हाक मारत नसे. ओसरीवर बसून पायांतले काटे काढत राही, आणि शेवटी मीच सुई घेऊन जाई. एवढी एक गोष्ट मला चांगली जमत असे. पुढे प्रयोगशाळेत माझा हात स्थिर आहे असे कोणी म्हटले की मला त्या सुईची आठवण येई.

दौंडच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र आणि मग पुण्यातून संख्याशास्त्र असे शिक्षण पूर्ण करून मी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधी रसायनांच्या कारखान्यात रुजू झाले. नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षे होती. सकाळी चौफुल्यावर कंपनीची पांढरी बस थांबे, तिने मी जाई. माझे काम उत्पादनात नव्हते; उत्पादन मोजण्यात होते. तीन पाळ्यांत एकच पांढरी पूड तयार होत असे आणि कोणती पाळी अधिक कार्यक्षम, यावरून रोज वाद होत. एका पाळीचा सुपरवायझर म्हणे, आम्हाला वाफ कमी लागते. दुसरा म्हणे, आम्ही द्रावक जास्त परत मिळवतो. तिसरा म्हणे, आमची बॅच सगळ्यांच्या आधी उतरते. तिघांचेही खरे होते.

"मॅडम, तुमच्या तक्त्यात चहा धरलाय का?" तिसऱ्याने मला एकदा विचारले.

"चहा कशाला?"

"आमच्या पाळीला कॅन्टीनचा चहा पाणचट येतो. तसला चहा पिऊनसुद्धा आम्ही पुढं आहोत, हे साहेबांना कळायला पाहिजे."

आमचे विभागप्रमुख पुण्याहून येत. शांत, नेटके गृहस्थ. चष्म्याच्या काचा शर्टाच्या टोकाने कधीही पुसत नसत. त्यांनी मला तुलनेची एक पद्धत शिकवली, आणि पुढे माझे सारे शिक्षण त्याच वाटेने गेले. अनेक गोष्टी आत घालून अनेक गोष्टी बाहेर काढणाऱ्या दोन व्यवस्थांची तुलना करायची असेल तर त्या सगळ्यांना एकाच नाण्यात बसवू नका, असे ते सांगत. वाफेचे मोल किती आणि वेळेचे किती, हे आपण ठरवायचे नाही. ते ज्याचे त्याला ठरवू द्यायचे.

"प्रत्येकाला म्हणायचं, तुझ्या सोयीचे भार तूच निवड," ते म्हणाले. "ज्यात तू चांगला, त्याला जास्त वजन दे. मग त्याच भारांनी आपण इतरांनाही मोजू. तरीही कोणी तुझ्या पुढे गेला, तर मात्र तू कमी पडलास. इतकी संधी देऊनही मागे राहिलेल्याला तक्रारीला जागा उरत नाही."

मला ती पद्धत अतिशय न्याय्य वाटली. अजूनही वाटते. त्याच वर्षी दक्षिणेतल्या एका शहरात याच विषयावर संशोधन करण्यासाठी मी अर्ज केला.

त्या पावसाळ्यात आई घरी असताना मेंढरे विकण्याचा विषय निघाला. कालव्याचे पाणी आमच्या रानापर्यंत आले होते. गावात दूध संकलन केंद्र सुरू झाले होते. चुलत्यांच्या मुलांनी चालायला साफ नकार दिला होता. त्यांना मोटारसायकली हव्या होत्या. मेंढरे काढून संकरित गाई घ्याव्यात, असा विचार पुढे आला. चुलत्यांचे मन होत नव्हते, आबांचे दोन्हीकडे होत होते. एका संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलेले असताना आबा मला म्हणाले,

"तू तिकडं मशिनी-मशिनींची बरोबरी लावती न्हवं? मग आमच्या मेंढरांची आन् गाईंची लाव. तू सांगशील तसं करू."

"पर खरं सांगायचं," चुलते म्हणाले. "आईकडं बघून न्हाई आन् आमच्याकडं बघून बी न्हाई."

आई बाजूला बसून लोकर पिंजत होती. तिने मान वर केली नाही.

"ती गाईची धार काढाया बसली का कवा?" ती म्हणाली. "ती काय माप काढायची."

मी हो म्हटले, आणि का म्हटले ते मला नेमके माहीत होते. गाई आल्या म्हणजे आई घरी राहील. गाईला सोडून कोणी कोकणात जात नाही. इतकी वर्षे जे मागण्याचे मला धैर्य झाले नव्हते ते आता आकडे मागतील, आणि आकड्यांना कोणी नाही म्हणू शकणार नाही, असा माझा साधा हिशेब होता.

एका घराची तुलना एका घराशी होत नाही. त्यासाठी पुष्कळ घरे लागतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी वस्ती-वस्तीवर फिरू लागले. गाईंच्या घरी काम सोपे होते. दूध केंद्रावर मोजून जाई, पेंड मोजून येई, चाऱ्याचे रान सर्वांना ठाऊक असे. मेंढरांच्या घरी मात्र पहिल्याच प्रश्नाला अडचण आली. आमच्याकडे मेंढरे मोजून सांगत नाहीत. मोजली की कमी होतात, अशी समजूत. मला ती माहीत होती. पण माझ्यासाठी, विज्ञानासाठी, थोडी सवलत मिळेल असे वाटले होते.

शेजारच्या वस्तीवर एक म्हातारे आप्पा होते, आबांचे लांबचे चुलते. त्यांना मी विचारले,

"आप्पा, मेंढरं किती आहेत?"

"हाईत."

"हाईत म्हणजे किती?"

"वाघरीत मावत्यात तेवढी." वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती उभारायची जाळी.

"मग वाघर केवढी आहे?"

"मेंढरं मावत्यात तेवढी."

त्यांची म्हातारी चुलीपाशी हसू लागली. "कंपनीत बी तुला असंच फिरवत्यात का गं पोरी?"

"कंपनीत सांगतात, आजी."

"मग त्यांची कमी व्हत असतील."

घरी येऊन मी आईला विचारले. आपली तरी किती, ते सांग. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी देवघरातला देव उचलून त्याचे वजन करायला निघाले होते.

"मला काय इचारती," ती म्हणाली. "मिशनीला इचार."

मग मी आडवाट काढली. शेतकरी रान खतवण्यासाठी रात्री आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. मेंढरांची संख्या सांगत नाहीत, पण एका रात्रीत किती रान बसते हे सांगायला कोणाची हरकत नसते. आप्पांनी ताबडतोब सांगितले: तुझ्या आबाच्या विहिरीपासून बांधाच्या बाभळीपातूर. मी टेप घेऊन विहिरीपासून बाभळीपर्यंत मोजले. दुसऱ्या घराने सांगितले, मारुतीच्या पारापासून ओढ्यापर्यंत. तेही मोजले. लहान मुलांनी टेपचे दुसरे टोक धरण्यासाठी भांडणे केली. मेंढरू न मोजता मेंढरांचे माप असे हळूहळू माझ्याकडे जमा झाले.

आत काय जाते, याचे रकाने मी नीट आखले: रान, पाणी, विकतचे खाद्य, माणसांचे श्रम. बाहेर काय येते, याचेही आखले: दूध, पिल्ले, खत, लोकर, धान्य. माणसांचे श्रम हा माझा हुकमी रकाना होता. मेंढरांमागे किती माणसे किती महिने चालतात, हे एकदा त्यात उतरले की गाई जिंकणार, याविषयी मला शंका नव्हती.

त्या दिवसांत आई घरीच होती आणि मी तिच्यासाठी जमवाजमव करत तिच्यापासून दूर फिरत होते. संध्याकाळी परतले की ती अंगणात पश्चिमेकडे तोंड करून बसलेली दिसे. मला वाटे, ती माझी वाट पाहते आहे. मी मात्र पूर्वेच्या वाटेने येत असे.

विभागप्रमुखांच्या परवानगीने एका सुट्टीच्या सकाळी मी कंपनीच्या संगणकावर सगळे आकडे भरले. उत्तर यायला वेळ लागला नाही. कालव्याच्या पाण्यावरची गाईंची दोन-तीन घरे पूर्ण कार्यक्षम ठरली. आणि आमची मेंढरेही पूर्ण कार्यक्षम ठरली. त्यांच्यात उणीव अशी काही निघालीच नाही.

मी चूक शोधली. चूक नव्हती. मग मेंढरांनी, म्हणजे त्यांच्या वतीने संगणकाने, आपले भार कसे निवडले होते ते पाहिले. त्यांनी सगळे वजन रानावर आणि पाण्यावर टाकले होते, कारण ती जवळजवळ कोणाचेच रान खात नव्हती आणि कोणाचेच पाणी ओढत नव्हती. माणसांच्या श्रमाला त्यांनी दिलेले वजन होते शून्य. पद्धतीप्रमाणे तो त्यांचा हक्क होता. ज्यात आपण उणे, ते मोजूच नका म्हणण्याचा हक्क मी स्वतःच सर्वांना दिला होता.

मग मी एक रकाना वाढवला. त्याला नाव दिले: दूर राहणे. आमच्या घरापुढे आईच्या गैरहजेरीचे महिने लिहिले आणि पुन्हा उत्तर मागितले. तेच आले. त्या रकान्यालाही मेंढरांनी शून्य दिले होते.

विभागप्रमुख त्या दिवशी काही कागद न्यायला आले होते. ते माझ्या खुर्चीमागे थांबले.

"हा रकाना कसला?"

"घरापासून दूर राहण्याचे महिने, सर."

"कोणाचे?"

"माझ्या आईचे."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"एखाद्या रकान्याला शून्य देता येणार नाही, असं बंधन आपण घालू शकतो," ते म्हणाले. "किमान इतकं वजन दिलंच पाहिजे, असं. शास्त्रात त्याला मान्यता आहे. फक्त ते बंधन कोणी घातलं आणि का, हे अहवालात लिहावं लागतं. ते आकड्यांतून आलेलं नसतं."

मी संगणक बंद केला. बसला वेळ होता, म्हणून फाटकापर्यंत चालत गेले. मला आईला घरी ठेवायचे होते, आणि हे माझे मागणे कोणत्याही आकड्याच्या तोंडी घालता येण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर सर्वांना उत्तर सांगितले. मेंढरे कमी पडत नाहीत. आपल्यापाशी आहे तेवढ्या रानात आणि पाण्यात त्यांच्याइतके कोणी काढून दाखवत नाही. विकायची असतील तर विका, पण ती तोट्याची आहेत म्हणून विकू नका.

चुलत्यांनी पागोटे नीट केले. चुलतीने कपाळाला हात लावला.

"म्हंजी पुन्यांदा चालायचंच व्हय? मला वाटलं, ह्यी पोरगी सुटका करतीय."

सगळे हसले. हसणे ओसरल्यावर मी म्हणाले, "हे माप झालं. आता मी माझं सांगते. आईनं या वर्षी जाऊ नये, असं मला वाटतं. त्याला आकडा नाही."

आईने लोकरीचा पेळू बाजूला ठेवला.

"मग एवढा कारभार कशापायी केलास?" ती म्हणाली. "सरळ इचारायचं व्हतं."

"आता विचारते."

"मी ऱ्हाते. तू ऱ्हाशील का हितं?"

दक्षिणेतल्या संस्थेचे होकाराचे पत्र आठवड्यापूर्वीच आले होते. उन्हाळ्यात जायचे होते आणि काही वर्षे राहायचे होते. घरात सर्वांना ते सांगून झाले होते. आबांनी पेढेही वाटले होते.

"मला जायलाच पाहिजे, आई."

"मग मी कुनासाठी थांबू? आबांला च्या करून द्याया?"

"माझा च्या मी करतो," आबा म्हणाले. "मला मधी घेऊ नका."

आई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मोठेपणी प्रथमच मला ते पाहणे दाराआडून नव्हे, समोरून मिळाले.

"दिवाळी झाली ना, की मला हितं करमत न्हाई गं," ती म्हणाली. "ते पत्तर आल्यावर तू कशी ह्या दारातनं त्या दारात करत व्हतीस, तसं व्हतं मला. तुझी सय येत न्हाई असं न्हाई. ती तिकडं बी येती. पर पाय थांबत न्हाईत."

तिचा तो अस्वस्थपणा मी वर्षानुवर्षे पाहिला होता आणि त्याला माझ्याच रकान्यात बसवत आले होते.

दिवाळीनंतर मेंढरे निघाली. मात्र त्या वर्षी ती सरळ पश्चिमेला गेली नाहीत. कुरकुंभच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका शेतकऱ्याने मेंढरे बसवायला बोलावले होते, म्हणून आधी पूर्वेला गेली. चुलते नेहमी असली उलटी वाट टाळत. पुढे चुलतीकडून कळले, की या वेळी आईनेच हट्ट धरला होता.

मला हे माहीत नव्हते. सकाळी बसमध्ये मी माझ्या नेहमीच्या, आतल्या बाजूच्या जागेवर बसले होते. शेजारी प्रयोगशाळेतली एक सहकारी होती. कुरकुंभ जवळ आले तशी ती खिडकीबाहेर पाहून म्हणाली, "ती बाई आजही आहे बघ. प्रत्येक बसला हात करते. काल मी मागच्या बसनं आले, तिलाही केला. तिला कुठं जायचं असेल गं?"

मी वाकून पाहिले. रानात वाघर उभी होती, आणि रस्त्याच्या कडेला घोंगडी खांद्यावर टाकलेली आई उभी होती. त्या रस्त्याने सकाळी वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांच्या बस जात, आणि सगळ्या पांढऱ्याच असत. त्यांतली माझी कोणती हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून ती एकही सोडत नव्हती.

"तिला कुठंही जायचं नाहीये," मी म्हणाले. "ती माझी आई आहे."

सहकारी उठली आणि तिने मला खिडकीची जागा दिली. पण तोवर ते रान मागे गेले होते.

दुसऱ्या दिवशी चौफुल्यावर मी सर्वांच्या आधी चढले, खिडकीशी बसले, काच सरकवली आणि कोपरापर्यंत हात बाहेर काढून ठेवला. आईने माझ्या आधीच हात केला होता. मग तिला माझा हात दिसला. तिचा हात तसाच वर राहिला, आणि दुसरा तिने घोंगडीतून बाहेर काढला. बस थांबली नाही. मी ड्रायव्हरला थांबा म्हटलेही नाही. पाळी सुरू होत होती.

तिसऱ्या दिवशी रान रिकामे होते. लेंड्यांनी काळे झालेले, वाघरीच्या मेखांची भोके पडलेले. मी तरीही त्याच खिडकीशी बसत राहिले.

उन्हाळ्यात मी निघाले तेव्हा मेंढरे अजून घाटाखालीच होती. आबा दौंड स्टेशनवर सोडायला आले. गाडीने दौंड सोडले, दक्षिणेची वाट धरली आणि दोन्ही बाजूंना उघडी माळराने लागली. अधूनमधून मेंढरांचे एखादे खांड चरताना दिसे, आणि त्यामागे काठीला रेलून उभे असलेले कोणीतरी. आमची मेंढरे तिकडे असणे शक्य नव्हते. ते मला नकाशावरून सांगता आले असते. पण अंधार पडेपर्यंत रुळांच्या बाजूला जिथे जिथे मेंढरे दिसली, तिथे तिथे मी खिडकीतून हात केला.